गोठलेली कुपी

१

फोटो पुन्हा कोरा आला.

प्रितेशनं यंत्राचं झाकण उघडलं, आतली ओली पट्टी चिमट्यानं सरळ केली, वेळ वाढवला आणि परत फोटो काढला. पडद्यावर नुसता करडा चौकोन. एकही रेघ नाही.

"मेली," तो म्हणाला. "अँटीबॉडी मेली, मॅडम."

निशा मॅडम पडद्याजवळ वाकल्या. लॅब त्यांची, कर्जही त्यांचं आणि प्रितेश त्यांचा उजवा हात. मी क्षितिजा, या लॅबमधली सर्वांत नवी. त्या दोघांच्या मागे उभी राहून मी त्या करड्या चौकोनाकडे बघत होते.

सगळा जीव टांगलेला होता तो नखाएवढ्या एका कुपीवर. आपल्या पेशीत एकेटी नावाचं एक प्रथिन असतं. एरवी ते झोपलेलं. बाहेरून इशारा आला की त्याला फॉस्फेट चिकटतं, ते जागं होतं आणि पेशीला सांगतं, वाढ, मरू नकोस. आमच्या कुपीतली अँटीबॉडी फक्त जाग्या एकेटीला ओळखते. झोपलेल्याकडे ढुंकूनही बघत नाही. जागं सापडलं की त्याला धरते आणि पट्टीवर काळी रेघ उमटते.

एका औषध कंपनीचा दावा होता की तिच्या वनस्पतीचा अर्क एकेटीला झोपवतो. ते खरं की खोटं, हे आम्ही दिवाळीच्या आत सांगायचं होतं. पट्टीवर एका बाजूला अर्क दिलेल्या पेशी होत्या आणि दुसऱ्या बाजूला नुसतं इन्सुलिन दिलेल्या, म्हणजे एकेटी हमखास जागं असलेल्या. निदान ती इन्सुलिनची रेघ तरी यायलाच हवी. त्या पेशी मी आदल्याच दिवशी ताज्या तयार केल्या होत्या. तिथेही काही नव्हतं. म्हणजे नमुना शिळा झाला असं म्हणायची सोय नव्हती.

"दसऱ्याआधी ही कुपी चालत होती," मॅडम सावकाश म्हणाल्या. "मधल्या दिवसांत फ्रीझरला कोणी हात लावला?"

"मी लावला."

आवाज दारातून आला. धुतलेल्या काचेच्या बाटल्यांचा ट्रे हातात धरून सखी उभी होती. बाटल्या एकमेकींवर किणकिणत होत्या.

"खंडेनवमीला मीच बंद केला व्हता."

२

सखी मुकणे आमच्याकडे काचसामान धुते आणि साफसफाई करते. अकलोलीच्या पलीकडे डोंगराच्या कुशीत तिचा कातकरी पाडा आहे. पहाटे निघते तेव्हा कुठे नऊला अंजूरला पोचते. यायला कधी उशीर नाही आणि आजवर एक बाटली फोडलेली नाही.

"बंद का केलास?" मॅडमनी विचारलं.

"पूजा व्हती ना. केसरीनाथशेट म्हनले, आज यंत्राला इसावा. सगली यंत्रं बंद कर, पुस, हलदकुकू लाव. मी लावलं."

"फ्रीझर बंद करतात का बाई?"

"ते पन यंत्रच हाय ना."

खंडेनवमीला लॅबमध्ये आम्ही कोणीच नव्हतो. आमची लॅब ज्या गोदामात आहे त्याचे मालक केसरीनाथ दरवर्षी त्यांच्या सगळ्या गाळ्यांत पूजा घालतात. किल्ली त्यांच्याकडे, मदतीला सखी.

"किती वेळ बंद होता?"

"आरती झाली, परसाद वाटला, मंग जेवनं झाली. मंग लावला."

प्रितेशनं कपाळाला हात लावला. "संपलंच मग. ऑक्टोबरच्या उकाड्यात एवढा वेळ? शिजली असेल."

मॅडमनी फोन उचलला. आधी वाटलं कंपनीला लावतायत. त्या पोलिस चौकीशी बोलत होत्या.

"मॅडम!" मी म्हणाले. "तिनं काही मुद्दाम नाही केलं."

"मला माहितीये." त्यांनी फोन ठेवला. डोळे लाल होते. "पण कंपनीला कागद लागतो. कर्मचाऱ्यानं नुकसान केलं, पोलिसांत तक्रार झाली, असं लेखी दाखवलं तरच मुदत वाढते. नाहीतर काम जातं. काम गेलं की लॅब जाते. तुला दुसरा मार्ग दिसतोय का? असेल तर सांग, मी आत्ता तक्रार मागे घेते."

मला दिसत नव्हता.

सखीनं ट्रे खाली ठेवला आणि भिंतीला टेकून बसली. रडली नाही. तिनं माझा हात धरला.

"ताय, मारा मना. कामावरून काढा. पर गाडीत नका घालू. आमच्यातला मानूस एकदा गाडीत बसला का झालं. मंग अंबाडीला कोंबडी चोरीला गेली तरी गाडी पयली आमच्या पाड्यावर येते. माझ्या सासऱ्याला असाच नेला व्हता. तेच्या मागं माझ्या नवऱ्याला. आता माझी पोरगी आश्रमशाळेत हाय."

"हवालदार येतायत," मॅडम खिडकीकडे तोंड करून म्हणाल्या. "नारपोलीहून निघालेत."

३

नारपोली ते अंजूर. रस्ता मोकळा असेल तर काहीच नाही, पण मध्ये कंटेनर आडवा लागला तर बराच वेळ. मी मनातल्या मनात एक कंटेनर मागितला.

आणि विचार करायला लागले. एम.एस्सी.च्या दोन वर्षांत आमच्या बाईंनी एकच गोष्ट घोकून घेतली होती. एखादी गोष्ट बिघडली की तिच्या शेजारची का बिघडली नाही, हे आधी विचारायचं.

शेजारी होती दुसरी अँटीबॉडी. ती झोपलेलं-जागं असा भेद करत नाही, सगळ्याच एकेटीला धरते. एकूण प्रथिन किती ते मोजायला आम्ही तीही वापरतो. त्याच डब्यात, त्याच ओळीत ठेवलेली. तिची पट्टी त्याच सकाळी लावली होती आणि तिच्यावर रेघा कशा, काजळ ओढल्यासारख्या.

"तिला नाही शिजवलं उकाड्यानं?" मी प्रितेशला विचारलं.

"काही नाजूक असतात, काही दणकट." त्यानं खांदे उडवले. "मुंबईची पोरगी आणि भिवंडीची पोरगी, सारखी असते का?"

"मी भिवंडीचीच आहे."

"म्हणून तर टिकलीयेस."

नेहमी असल्या बोलण्यावर तो आधी स्वतः हसतो. आज हसला नाही.

केसरीनाथशेठ बाहेर बाकावर बसले होते, पांढरा लेंगा, कपाळाला गंध. पोलिसांना बोलावल्याचं त्यांना कळलं होतं आणि ते भडकले होते.

"अगो, पूजा केली तं गुन्हा झाला काय? माझे बापाचे नारपोलीला लूम होते. खंडेनवमीला एकानं गुपचूप लूम चालवला, लोखंडी टोकाचा धोटा उडाला तो सरळ डोळ्यात. त्या दिशी यंत्र बंद म्हंजे बंद."

"मग शेजारचा पेशींचा मोठा फ्रीझर का नाही बंद केलात?"

"त्याला हात लावला तं भोंगा वाजला त्याचा! सखी घाबरून पळाली. म्हटलं राहू दे, याला उपास नको."

"डबे उघडेच ठेवले होते का?"

"नाय गो. सखीनं आधी डबे काढले, थर्माकोलचे पेटीत बर्फ भरला, त्यात ठेवले. मी म्हटलं, सखे, आइस्क्रीम हाय काय ते? म्हणली, मॅडमचा जीव हाय त्यात."

म्हणजे उकाड्याचा प्रश्नच नव्हता. बर्फात ठेवलेली अँटीबॉडी काही तासांत मरत नाही. पण हे सिद्ध कसं करायचं? पेटीतला बर्फ कधीच वितळून गेला होता. सखीचा शब्द आणि म्हाताऱ्याचा शब्द, दोघंही पूजेतले भागीदार.

आत आले. फ्रीझर उघडला. डबा बाहेर काढला आणि कुपी उजेडाकडे धरली.

आतला द्रव हलला नाही. मी कुपी उलटी केली. तरीही नाही. आत पांढरा, घट्ट बर्फ होता.

या कुपीत बर्फ असायलाच नको होता.

४

शेजारची कुपी उलटी केली. तिच्यातला द्रव आळशासारखा, पाकासारखा खाली ओघळला. तिसरी, चौथी, सगळ्या तशाच. गोठलेली एकच.

ज्यानं कधी लॅब पाहिली नाही त्याला यात काही वावगं वाटणार नाही. फ्रीझरमध्ये ठेवलेलं गोठणारच. पण या अँटीबॉड्या निम्म्या ग्लिसरीनमध्ये येतात. ते मुद्दाम घालतात, कारण गोठण्या-वितळण्यानं अँटीबॉडी खराब होते. निम्मं ग्लिसरीन असलेला द्रव या छोट्या फ्रीझरच्या थंडीत गोठत नाही. बंद करा, चालू करा, शंभर पूजा घाला, तो बर्फ होणार नाही. उकाड्यानं अँटीबॉडी शिजेलही एखाद वेळेस, पण ग्लिसरीन उडून जात नाही.

कुपीत जे होतं ते आमचं नव्हतंच. कोणीतरी आतला द्रव काढून नुसतं पाणी भरलं होतं.

आनंद झाला तो क्षणभरच. कारण हे सखीच्या विरुद्धही जात होतं. पूजेच्या दिवशी डबा तिच्याच हातात होता. कुपी सांडली असेल, घाबरून नळाचं पाणी भरलं असेल, असं कोणीही म्हणेल. मॅडम तर म्हणणारच. आधी निष्काळजीपणा होता, आता लबाडी झाली असती.

मी सखीजवळ जमिनीवर बसले.

"सखी, खरं सांग. कुपी सांडली होती का तुझ्या हातून?"

"न्हाय ताय."

"बघितलीस का उघडून?"

"मी झाकनाला हात पन लावला न्हाय." ती थांबली. मग खूप हळू म्हणाली, "एक चूक झाली ती सांगितली न्हाय. मॅडमला पन न्हाय सांगितली."

"कोणती?" मी विचारलं.

"आदल्या दिशी मी फ्रीझर पुसला व्हता. दार नीट लागलं नसंल. पूजेला डबा काढला तवा बगितलं, सगल्या कुप्या पानी झालेल्या. एकच काय ती चांगली व्हती, गोठलेली. मना वाटलं मेले मी. कोनाला बोलले न्हाय. मंग देवाला म्हनलं, एक तरी ऱ्हायली."

"थांब. गोठलेली एक होती. हे कधी बघितलंस? फ्रीझर बंद करायच्या आधी की नंतर?"

"आधी. डबे काढले, मंगच बटन बंद केलं ना."

"नक्की?"

"ताय, चालू फ्रीझरमदून काढला डबा. हाताला चिकटत व्हता."

मी उठले. सखी जिला स्वतःचा गुन्हा समजून गिळून बसली होती, तीच गोष्ट तिला सोडवणारी होती. पूजेचं बटण बंद व्हायच्या आधीच कुपीत बर्फ होता. म्हणजे पाणी त्याच्याही आधी भरलं गेलं होतं.

बाहेर गाडी थांबल्याचा आवाज आला.

५

हवालदार भावेश पाटील घामाघूम होते. केसरीनाथशेठांनी त्यांना बाकावर बसवलं, पाणी दिलं आणि खंडेनवमीचं माहात्म्य सांगायला सुरुवात केली. म्हाताऱ्यानं मला डोळा मारला. मला मागितलेला कंटेनर मिळाला होता.

प्रितेश सिंकपाशी उभा होता. मी शेजारी जाऊन सहज विचारल्यासारखं विचारलं.

"तू आज अँटीबॉडी काढलीस तेव्हा काय केलंस? मला पद्धत समजून घ्यायचीये."

"नेहमीचीच पद्धत."

"म्हणजे?"

"फ्रीझरमधून काढली, बर्फावर ठेवली, वितळली, पिपेटनं घेतली. काय समजून घ्यायचंय त्यात?"

"वितळली."

"हो. मग?"

"गेलं वर्षभर ही कुपी तूच वापरतोयस. वर्षभरात कधी वितळवावी लागली होती?"

त्याच्या हाताखालचा नळ चालूच होता.

"मी आज पहिल्यांदा ती गोठलेली बघितली आणि दचकले," मी म्हणाले. "मी इथे येऊन किती दिवस झाले? तू तर रोजचा. आज सकाळी तुझ्या हातात दगडासारखा बर्फ आला. तू ओरडायला हवं होतंस, हे काय आहे म्हणून. तू काहीच म्हणाला नाहीस. निमूट वितळवलीस, पट्टीला लावलीस आणि अँटीबॉडी मेली म्हणालास. आत बर्फच असणार हे तुला माहीत होतं."

"हे सिद्ध करता येणार नाही."

"येईल." मी तपकिरी रंगद्रव्याची बाटली घेतली. प्रथिन मिळालं की ते निळं होतं, हे आम्ही दोघंही रोज करतो. "शिजलेली अँटीबॉडीसुद्धा प्रथिनच राहते. काम करणार नाही, पण नाहीशी होणार नाही. दोन्ही कुप्यांतलं थोडं थोडं घालून बघू. मॅडमना बोलावू?"

मॅडम मागेच उभ्या होत्या. केव्हापासून, कळलं नाही.

"घाल," त्या म्हणाल्या.

शेजारच्या कुपीतला थेंब पडला आणि तपकिरी रंगातून आकाशी निळा वर आला. दुसऱ्या नळीत मी गोठलेल्या कुपीतलं वितळवून घातलं. हलवलं, थांबले, आणखी घातलं. तपकिरी ते तपकिरीच.

प्रितेशनं नळ बंद केला.

"संपली होती," तो म्हणाला. "शेवटचा थेंबसुद्धा. रिकामी दिसू नये म्हणून मिठाचं पाणी भरलं. घाईत होतो, ग्लिसरीन डोक्यातच आलं नाही. दुसऱ्या दिवशी बर्फ बघितला तेव्हा लक्षात आलं. आज सखीनं स्वतःहून कबूल केलं. मी फक्त गप्प बसलो."

"एवढी अँटीबॉडी गेली कुठे?" मॅडमनी विचारलं.

तो हसला. ते हसणं बघवत नव्हतं.

"तुम्हीच सांगा ना मॅडम. रेघ येत होती. दर वेळी. अर्क द्या, नका देऊ, एकेटी जागंच. मी दाखवलं की तुम्ही म्हणायचात, परत कर. अर्क वाढव, परत कर. पेशी बदल, परत कर. या अर्कानं काही होत नाही हो! पण तुम्हाला ते ऐकायचं नव्हतं. मी परत परत करत राहिलो."

मॅडमनी टेबलाचा कोपरा धरला. उत्तर आमच्याकडे कधीचंच होतं. अर्क चालत नाही. तेवढं एक वाक्य कंपनीला लिहायचं राहिलं होतं आणि ते लिहायला नको म्हणून एक बाई भिंतीपाशी पोलिसांची वाट बघत बसली होती.

"सखीनं बिघडवलं नाही, हा तुम्हाला संशय आला होता," मी म्हणाले. प्रश्न नव्हता तो.

त्यांनी मान हलवली नाही. नाकारलंही नाही.

६

"झालं का?" पाटील हवालदार आत आले. शेठांच्या माहात्म्यातून सुटका करून घेतल्यासारखे. "आरोपी बाई कोणती?"

"गैरसमज झाला," मॅडम म्हणाल्या. आवाज कोरडा. "आमच्या आतल्या कामातली चूक होती. तक्रार नाही करायची."

"म्हणजे मिटलं?"

"मिटलं."

"मग एवढ्या उन्हात कशाला बोलावलंत हो मला?" त्यांनी टोपी डोक्यावर ठेवली. "बरं झालं. बाई, जा घरी. सुटलीस."

मॅडम सखीकडे वळल्या. "सखी, उद्या नेहमीसारखी ये. झालं ते विसरून जा."

सखी भिंतीपाशी उभी होती. दुपारपासून पहिल्यांदाच तिचे हात स्थिर होते.

"हवालदारसाहेब," ती म्हणाली, "माझ्यावर खोटा आल घेतला, तेची तक्रार लिवतात का?"

बाहेर कुठलातरी ट्रक मागे येत होता, त्याचं पिंपिं तेवढं ऐकू येत होतं.

"लिहितात," पाटील म्हणाले. "पण बाई, तू आदिवासी. तुझी तक्रार म्हणजे मोठं कलम लागतं. मॅडम अडकतील. मिटलंय ना आता? कशाला वाढवतेस?"

"तुमचं मिटलं. मी दुपारपास्नं मेलेय ना."

"सखी," मॅडम पुढे आल्या, "लॅब बंद पडेल. तुझंसुद्धा काम जाईल, कळतंय का तुला?"

"माझं काम तर तुमी फोन उचलला तवाच गेलं, मॅडम."

पाटलांनी सुस्कारा सोडला. "साक्षीला कोण आहे?"

केसरीनाथशेठ दारात होते. त्यांनी मॅडमकडे बघितलं. मॅडम त्यांच्या भाडेकरू. मग ते गंध पुसल्यासारखं कपाळावरून हात फिरवत बाहेर निघून गेले. प्रितेश जमिनीकडे बघत होता.

मॅडम माझ्याकडे बघत होत्या. रागानं नाही. त्यांच्या नजरेत विनवणी होती, सखीनं दुपारी माझा हात धरला होता तेव्हा होती तशीच. घरी माझ्या एकटीच्या पगारावर काय काय चालतं ते मला माहीत होतं आणि त्यांनाही.

"मी आहे," मी म्हणाले.

अॅप्रन काढून खुंटीला लावला. कुपी बर्फाच्या डब्यात घातली. जाताना मॅडमच्या जवळून जावं लागलं. त्या बाजूला झाल्या नाहीत, मलाच वळसा घालावा लागला.

गाडीपाशी पाटलांनी मागचं दार उघडलं. "बसा."

सखी थांबली. उघड्या दाराकडे, आतल्या जाळीकडे बराच वेळ बघत राहिली. वाटलं, आता मागे फिरेल.

"मागं कोन बसतं?" तिनं विचारलं.

"कोण म्हणजे? ज्याला न्यायचं तो."

"मना कोन नेत न्हाय. मी येतेय." तिनं पुढचं दार स्वतः उघडलं, पदर सावरला आणि हवालदाराच्या शेजारच्या सीटवर चढून बसली.

जाळीमागे मी बसले.